चिलखती गाड्यांचें घराणें आणि सातारा-सांगलीचा शिपाई



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत लष्कराची गोष्ट निघाली कीं ती माणसांची गोष्ट होते, आणि तसें होणें अगदीं स्वाभाविक आहे. सातारा तालुक्यांतील अपशिंगे या गांवाच्या नांवापुढें 'मिलिटरी' हा शब्द लागतो तो उगीच नाहीं. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान कामास आले. अशा गांवांतून मुलांना तोंडपाठ असतात तीं शिपायांचीं नांवें, पदकें आणि पलटणी. परंतु तो शिपाई आणि शत्रूची गोळी यांच्या मध्यें काय होतें, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाच्या अनुरोधानें मी एका यंत्राच्या घराण्याची हकीकत सांगणार आहें. हें यंत्र म्हणजे चाकांवर धांवणारी चिलखती गाडी.

रणगाडा आणि चिलखती गाडी हीं एक नव्हेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. रणगाडा पोलादी पट्ट्यावर सरकतो. चिखल, चर, खांचखळगे त्याला अडवूं शकत नाहींत. परंतु तो जड, खर्चिक आणि रस्त्यावर मंद असतो. चिलखती गाडी मूळची मोटारच. तिला चाकें आहेत, म्हणून ती सडकेवर वेगानें पळते, थोड्या तेलांत लांब जाते, आणि बिघडली तर साध्या मोटारीच्या कारागिराच्याहि हातीं दुरुस्त होते. मात्र तिच्यावर पोलाद किती चढवावयाचें याला मर्यादा आहे. बैलगाडींत ओझें वाढलें कीं कणा करकरतो आणि चाक रुततें. येथेंहि तोच न्याय. संरक्षण वाढवावें तर वेग जातो, वेग राखावा तर संरक्षण घटतें. या घराण्याचा सारा इतिहास म्हणजे या दोहोंमधील तडजोडीचा इतिहास होय.

तिला घराणें म्हणण्याचें कारण असें कीं, असें यंत्र एकटें जन्मास येत नाहीं. सांगाडा, इंजिन आणि चाकें एकदां ठरलीं म्हणजे त्यांवर निरनिराळे देह चढवितां येतात. एक टेहळणीसाठीं, एक माणसें नेण्यासाठीं, एक जखमींसाठीं, एक तोफेसाठीं. सुटे भाग सर्वांचे सारखेच राहिल्यानें युद्धभूमीवर एका मोडक्या गाडीचा भाग दुसरीस चालतो. गरीब देशाला तर ही सोय फारच मोलाची आहे.

युरोपांत १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां इंग्रजांच्या आरमाराच्या विमानदलानें बेल्जमच्या सडकांवर रोल्स-रॉइस मोटारींना पोलादी पत्रे ठोकून त्या लढाईंत उतरविल्या. पुढें खंदकांचें युद्ध सुरू झालें आणि तेथें त्यांचें कांहीं चालेना. वाळवंटांत मात्र त्यांना मोकळें मैदान मिळालें. मेसोपोटेमियांतहि युद्धाच्या उत्तरार्धांत त्या दिसूं लागल्या. परंतु आपल्या माणसांच्या दृष्टीनें हें सारें उशिरां घडलें. कूत-अल-अमाराच्या वेढ्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें तेव्हां त्यांतील उरलेसुरले शिपाई कैद झाले. त्यांच्या अंगावर खाकी कापड होतें, चिलखत नव्हतें.

महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानसाठीं खास नमुन्याच्या गाड्या तयार झाल्या. १९२१ चा रोल्स-रॉइसचा 'भारतीय नमुना' आणि त्यामागून आलेली क्रॉस्ले गाडी हे त्यांतील ठळक वंशज. त्यांवर घुमटासारखा बुरूज असे, आणि क्रॉस्लेच्या आंतून उन्हाच्या तापावर उपाय म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचें अस्तर लाविलेलें असे. जमावानें हात लावूं नये म्हणून बाहेरील पत्र्यांत वीज सोडण्याची सोयहि तींत होती, असें तिच्या वर्णनांत नमूद आहे. या एका तपशिलावरून ती गाडी कोणापासून कोणाचें रक्षण करीत होती, तें उघड होतें.

इतिहासानें याची साक्ष दोन ठिकाणीं लिहून ठेविली आहे. १३ एप्रिल १९१९ रोजीं जनरल डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हां त्याच्या बरोबर यंत्रबंदुका बसविलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या. बागेची गल्ली अरुंद, म्हणून त्या बाहेर राहिल्या; गल्ली हातभर रुंद असती तर काय झालें असतें याची कल्पनाच करवत नाहीं. दुसरी साक्ष पेशावरच्या किस्साखानी बाजाराची. २३ एप्रिल १९३० रोजीं तेथें निःशस्त्र लोकांच्या गर्दींत चिलखती गाड्या घुसविल्या गेल्या व माणसें चाकांखालीं चिरडलीं. त्याच दिवशीं गढवाली पलटणीच्या चंद्रसिंहानें व त्याच्या सोबत्यांनीं गोळी झाडण्यास नकार दिला. पोलाद आज्ञेबाहेर जात नाहीं, पण माणूस जाऊं शकतो, ही गोष्ट त्या दिवशीं साऱ्या देशानें पाहिली.

आतां या घराण्याची हिंदी शाखा पाहूं. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि १९४० मध्यें फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला स्वतःचीच गरज भागेना. वसाहतींनीं आपापली सोय पाहावी अशी पाळी आली. तेव्हां कॅनडाहून फोर्ड मोटारीचे सांगाडे आणि इंजिनें आणावीं, जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यानें चिलखती पत्रे पुरवावे, आणि रेल्वेच्या कारखान्यांत ते पत्रे सांगाड्यावर चढवावे, अशी व्यवस्था झाली. अशा रीतीनें 'भारतीय नमुन्याची चाकांची चिलखती गाडी' जन्मली. शिपाई तिला 'टाटानगर' या सुटसुटीत नांवानें ओळखूं लागले. १९४० ते १९४४ या काळांत या जातीच्या ४,६०० हून अधिक गाड्या बाहेर पडल्या.

चिलखती पोलाद ओतणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आपल्याकडील लोहार विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी देतो हें आपण पाहिलेंच आहे. पाणी कमी पडलें तर धार वळते, अधिक झालें तर ती तुटते. चिलखताचेंहि तसेंच. पत्रा मऊ राहिला तर गोळी आरपार जाते; फार कडक झाला तर तो कांचेसारखा तडकून त्याच्याच कपऱ्या आंतील माणसाला मारतात. हा मेळ जमशेदपूरच्या कारागिरांनीं साधला. या गाडीचा पत्रा जाडींत जास्तींत जास्त १४ मिलीमीटर होता. पण पत्रा तिरपा लावण्यांत आणखी एक लाभ आहे, तो शाळेंतील भूमितीनेंच कळतो. १४ मिलीमीटरचा पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंशांनीं कलता ठेविला तर समोरून आडव्या येणाऱ्या गोळीला २८ मिलीमीटर पोलाद कापावें लागतें. जाडी तीच, वजन तेंच, पण वाट दुप्पट!

टाटानगरच्या चार प्रमुख आवृत्त्या झाल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या पुन्हां उपशाखा झाल्या. आरंभींची गाडी वरून उघडी. पुढच्या आवृत्त्यांत लहानसा फिरता बुरूज आला. इंजिन मागें नेल्यामुळें चालकाला समोरची दृष्टि मोकळी मिळाली. शस्त्र म्हणून ब्रेनगन, आणि कांहीं गाड्यांवर रणगाडा-विरोधी बॉइज रायफल. तिचें मुख्य काम झुंजण्याचें नव्हे, तर पुढें जाऊन शत्रूचा ठाव घेण्याचें होतें. भूमध्य समुद्राच्या कांठच्या प्रदेशांत आणि पूर्वेकडील आघाडीवर हिंदी सैन्यानें ती वापरली.

याच काळीं सातारा जिल्ह्यांत काय चाललें होतें? त्या वेळीं आजचा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' निर्माण झाला आणि १९६० सालीं त्याचें सांगली असें नांव झालें. सप्टेंबर १९४२ मध्यें वडूज येथें आणि त्या वेळच्या इस्लामपूर येथें तिरंगा घेऊन कचेरीवर निघालेल्या मोर्चांवर सरकारनें गोळीबार केला व माणसें ठार झालीं. पुढें क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार याच मुलुखांत उभें राहिलें. म्हणजे एकाच घरांतील एक मुलगा परमुलुखांत सरकारसाठीं लढत होता आणि दुसरा गांवांत सरकारच्या गोळीसमोर उघड्या छातीनें उभा होता, असें घडणें त्या काळीं अशक्य नव्हतें. जें सरकार एकाला १४ मिलीमीटर पोलाद देत होतें, तेंच दुसऱ्याला शिसें देत होतें. यांत कोण शूर व कोण भ्याड असा वाद घालणें मला उचित वाटत नाहीं. दोघांचेंहि रक्त एकाच मातीचें होतें, आणि त्या मातीचे दोन्ही हिशेब आपण लिहून ठेविले पाहिजेत.

शिवाय, पोलाद सर्वांच्या वांट्यास येत नव्हतें हेंहि खरें. इटलींत १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे एकटे यंत्रबंदुकीच्या ठाण्यावर चालून गेले व तेथेंच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या बांधावर शिपाई नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना पाण्यांतून वाहून आणिलें. दोघेहि मराठा पायदळाचे, दोघांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघेहि पायीं होते. पदक छातीवर लागतें तें बहुधा छाती उघडी असते म्हणूनच, हें आपण विसरतां कामा नये.

युद्ध संपलें. टाटानगरजवळील सिंहभूमचा रेल्वे कारखाना १९४५ सालीं टाटांनीं घेतला व त्यांतून टेल्को ही कंपनी निघाली, तीच आजची टाटा मोटर्स. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें स्थिरावलें. तेथील रणगाडा संग्रहालयांत जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आजहि पाहावयास मिळते. सातारा मुलुखाच्या वांट्यास दुसरा मान आला. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं साताऱ्यास निघाली, आणि देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९६२ च्या संकटांत देशाचे संरक्षणमंत्री झाले.

त्याच १९६१ सालीं आणखी एक बीज पडलें, त्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. कऱ्हाडच्या हळदीच्या व्यापारी घराण्यांतील नीलकंठराव कल्याणी यांनीं पुण्यास भारत फोर्ज हा लोखंड घडविण्याचा कारखाना काढला. या धंद्याची सूचना त्यांना शंतनुराव किर्लोस्करांनीं केली होती. आणि किर्लोस्करांचें मूळ उद्योगपीठ म्हणजे १९१० सालीं नांगरांसाठीं वसलेली, आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी. नांगराच्या फाळापासून निघालेली ही वाट अखेर चिलखतापर्यंत कशी पोंचली, तें आतां सांगतों.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोळीपेक्षां भयंकर शत्रु पुढें आला, तो म्हणजे रस्त्यांत पुरलेला सुरुंग. जुन्या चिलखती गाडीचें बूड सपाट व पातळ असे. खालून स्फोट झाला कीं सारा मार आंतील माणसांवर येई. दक्षिण आफ्रिकेच्या भागांत १९७० नंतर यावर युक्ति निघाली. गाडी जमिनीपासून उंच उचलावयाची, बूड नांवेसारखें निमुळतें करावयाचें म्हणजे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंस वळतो, आणि बैठकी तळाला न जोडतां वरून टांगावयाच्या म्हणजे धक्का कण्यास बसत नाहीं. चाक उडालें तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे, असें हें तत्त्व. त्या देशाच्या कॅस्पिर गाड्या भारतानेंहि घेतल्या.

पुढें भारत फोर्जनें दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट कंपनीच्या म्बोम्बे घराण्यांतील चार चाकांची गाडी 'कल्याणी एम-४' या नांवानें आणिली. त्या घराण्यांत चार, सहा व आठ चाकांचे असे तीन भाऊ आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें संरक्षण खात्यानें १७७.९५ कोटी रुपयांची मागणी नोंदविली. बाजूनें होणारा ५० किलो स्फोटकाचा धडाका ती सोसते असें उत्पादकांनीं जाहीर केलें आहे. दुसरीकडे अहिल्यानगरच्या वाहन-संशोधन संस्थेनें टाटांच्या सहकार्यानें आठ चाकांचा सांगाडा सिद्ध केला. तो पाण्यांतूनहि तरून जातो. त्याच्यावर सैनिक नेणारी, तोफ वाहणारी, विषारी वायूचा शोध घेणारी, अशा अनेक शाखा फुटूं शकतात. १२ एप्रिल २०२२ रोजीं पुण्यास लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या हस्तें अशा गाड्या सैन्यांत दाखल झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्यें तर मोरोक्कोंतील बर्रेचिद येथें टाटांचा याच गाडीचा कारखाना सुरू झाला. टाटानगरच्या पोलादाच्या गाड्या ज्या उत्तर आफ्रिकेंत परक्यांच्या हुकमानें गेल्या, तेथेंच आज आपलें घराणें स्वतःच्या नांवानें नांदावयास गेलें आहे.

येथें गौरवाच्या भरांत थांबणें सोपें होतें. परंतु १ मे २०१९ हा दिवस डोळ्यांआड करतां येत नाहीं. त्या महाराष्ट्रदिनीं गडचिरोली जिल्ह्यांत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस व त्यांचा चालक मृत्यु पावले. ते साध्या खासगी गाडींतून जात होते. गाडी घडविण्याची विद्या तेव्हां देशांत होती; ती त्यांच्यापर्यंत पोंचली नव्हती.

म्हणून माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पारतंत्र्यांत चिलखत कोणाला मिळावें हें परकी सत्ता ठरवीत असे आणि तिचा हेतु तिच्याबरोबर होता. आज तें आपण ठरवितों. सातारा-सांगलीच्या गांवोगांवच्या शिळांवर नांवें कोरलेलीं आहेत. त्यांना आपण वंदन करतों, तें योग्यच आहे. पण ज्या शाळेंत मुलांना तीं नांवें शिकवावयाचीं, त्याच शाळेंत पोलादाला पाणी कसें देतात, पत्रा तिरपा कां लावतात आणि बूड निमुळतें कां करतात, हेंहि शिकवावें. शूर मुलगे या मुलुखानें नेहमींच दिले. त्यांना परत घरीं आणणारे कारागीरहि याच मुलुखांतून निघाले पाहिजेत. नवी शिळा कोरावी लागली नाहीं, तर त्या कारागिरांचें नांव कोठेंहि लागणार नाहीं. आणि तोच त्यांचा खरा मान होय.