झाकल्या मुठीचे माप

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. निसर्गाने आपल्या प्रत्येकाच्या पाठीशी, कण्याच्या दोन बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला अशा दोन झाकल्या मुठी ठेवून दिल्या आहेत. ती आपली मूत्रपिंडे. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, मोठेपणा सुमारे ज्याच्या-त्याच्या मुठीएवढा. सुश्रुताने त्यांना ‘वृक्क’ म्हटले आणि ती दोन आहेत हेही नोंदवले. हृदय धडधडते, पोट गुरगुरते. मूत्रपिंड मात्र मुकाट्याने काम करते आणि पुष्कळदा मुकाट्यानेच झिजते. जिवंत माणसाच्या या मुठीचे खरे माप हाती यायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले.

माप घेऊन करायचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याकडे आहे. अंगावर सूज आलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळते, हे त्याने पाहिले. असे रोगी दगावल्यावर त्याने त्यांची शवे तपासली, तेव्हा मूत्रपिंडे बिघडलेली आढळली. कित्येकांची तर आक्रसून टणक व खरबरीत झालेली होती. ही निरीक्षणे त्याने 1827 साली प्रसिद्ध केली. सूज, लघवी आणि मूत्रपिंड यांचे नाते जुळले खरे. पण मूत्रपिंड लहान झाले आहे हे कळायचे ते रोगी गेल्यावर. ज्ञान मिळाले, पण ज्याच्यासाठी हवे होते तोच उरला नाही.

1895 साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत देहात डोकावण्याची खिडकी उघडली. परंतु मूत्रपिंड हाडासारखे ठळक दिसत नाही. 1929 साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण डॉक्टरच्या खटपटीतून एक औषध पुढे आले. ते शिरेत टोचले की मूत्रपिंडातून बाहेर पडताना त्याची छाया क्ष-चित्रावर उमटे. आता लांबी मोजता येऊ लागली. तरी त्यात दोन खोडी होत्या. दिव्यासमोर हात धरला तर भिंतीवरची सावली हातापेक्षा मोठी पडते, तशी क्ष-किरणांची छायाही मूळ वस्तूहून मोठी पडते. शिवाय त्या औषधानेच मूत्रपिंड किंचित फुगते. आणि ज्याला काही झालेले नाही, अशा माणसाला सुई टोचून किरणांखाली कशाला निजवायचे?

वाट निघाली ती आवाजातून. विहिरीत वाकून हाक मारली की ती परत येते, आणि विहीर खोल असेल तर उशिरा येते, हे खेड्यातले पोरही जाणते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पोल लांजव्हँ यांनी याच तत्त्वावर पाण्यातल्या पाणबुड्या शोधण्याची युक्ती काढली. पुढे कारखान्यांतून लोखंडातील भेगा तशाच शोधू लागले. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर शहरी डग्लस हाऊरी आणि मूत्रपिंडविकारांचे जाणकार जोसेफ होम्स यांनी पाण्याच्या टाकीत माणसाला बसवून त्याच्या देहाची प्रतिध्वनिचित्रे काढली. ती टाकी त्यांनी बी-29 बाँबफेकी विमानाच्या तोफेच्या घुमटापासून बनवली होती. 1955 साली ग्लासगोचे इयन डोनाल्ड हे डॉक्टर शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या एका कारखान्यात गेले, आणि तेथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राने त्यांनी त्या तपासल्या. तुलनेसाठी निरोगी मांसाचा एक तुकडाही होता. 1958 साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि सोनोग्राफीचा पाया पक्का झाला.

आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. हे यंत्र तीस ते पन्नास लाख कंपनांचा आवाज सोडते. देहाच्या मऊ भागांत तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर धावतो, असे धरून यंत्र अंतराचा हिशेब करते. मूत्रपिंड मोजताना रोग्याला श्वास रोखायला सांगतात, म्हणजे ते बरगड्यांखालून थोडे खाली सरकते. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सर्वांत लांब रेघ शोधायची. काकडी तिरपी कापली तर तिची खरी लांबी चकतीत दिसत नाही. तसेच येथे हात जरा तिरपा पडला की मूत्रपिंड आहे त्याहून आखूड भरते.

पण लांबी नऊ सेंटीमीटर भरली, तर ती थोडी की पुरेशी? हे सांगायला निरोगी माणसांचे माप हवे. 1993 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी 665 प्रौढ स्वयंसेवकांची मूत्रपिंडे सोनोग्राफीने मोजून प्रसिद्ध केली. मधली लांबी डावीकडे 11.2 आणि उजवीकडे 10.9 सेंटीमीटर आली. घनफळ अनुक्रमे 146 आणि 134 घनसेंटीमीटर. वयाबरोबर आकार घटतो, आणि घनफळाचे नाते सर्वांत अधिक जुळते ते देहाच्या एकूण आकाराशी, असेही दिसले.

या कोरड्या आकड्यांवर केवढे अवलंबून असते! घोणस चावल्याने किंवा अनावर जुलाबांनी एखाद्याची लघवी बंद होते आणि त्याला रुग्णालयात आणतात. मूत्रपिंडे पुरत्या मापाची असतील, तर आघात बहुधा नवा आहे, आणि थोडे दिवस यंत्राचा आधार दिला तर ती पुन्हा चालू लागण्याची आशा असते. ती आक्रसलेली निघाली, तर रोग वर्षानुवर्षे आत मुरलेला आहे. अर्थात मापावर आंधळा भरवसा नको. मधुमेहात मूत्रपिंड बिघडूनही भरदार दिसू शकते.

आणखी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. डेन्मार्कची माणसे आपल्याहून सरासरीने उंच. भारतात झालेल्या मोजण्यांतही मूत्रपिंडाची लांबी पाश्चात्त्य आकड्यांहून थोडी कमीच भरते. तेव्हा आपल्या घरातल्या एखाद्या ठेंगण्या मावशींच्या अहवालात साडेनऊ सेंटीमीटर हा आकडा दिसला, म्हणून साऱ्या घराने धास्तावण्याचे कारण नाही. अंगरखा ज्याच्या-त्याच्या अंगाचा, तसे हे माप ज्याच्या-त्याच्या देहाचे. ते नीट लावायचे तर आपल्याच निरोगी माणसांची मोजणी हवी.

रोग्यांच्या कथा वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. धडधाकट माणसांची दखल तेथे क्वचितच घेतली जाते. त्या 665 जणांना उपचार करून घ्यायचा नव्हता. ते नुसते टेबलावर निजले आणि सांगितले तेव्हा श्वास रोखून राहिले. आज कुठल्याशा गावी एखाद्या रोग्याला डॉक्टर ‘आशा आहे’ असे सांगतात, तेव्हा त्या दोन शब्दांत या अनोळखी माणसांचाही वाटा असतो.