फिरत्या घराची ऊब

आमची बिरवाडी महाड तालुक्यात काळ नदीच्या आश्रयाने वसलेली आहे. एका अंगास रायगड आणि दुसऱ्या अंगास भोरकडे चढणारी वरंध घाटाची वाट. घाट चढणारा व घाट उतरणारा वाटसरू आमच्या गावावरून जात आला. त्यामुळे प्रवासी माणूस परमुलखात रात्र कशी काढतो, हे न्याहाळण्याचा छंद मला बालपणापासून जडला. शाळामास्तरकीत तो सुटला नाही, आणि सेवानिवृत्तीनंतर तर वाढलाच.

गतवर्षी मार्गशीर्षात मुंबईस राहणारा माझा पुतण्या मोटारीमागे जोडलेले एक चाकांचे घर घेऊन दारी आला. आत दोन बाके, चार माणसांच्या निजण्याची सोय, चूल, पाण्याची टाकी. सारे काही आटोपशीर. आपल्या राज्यात २०२१ साली अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाविषयी सरकारी धोरणही झाले, तेव्हा हा प्रकार यापुढे वाढणारच. पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास चार रात्री काढण्याचा त्याचा बेत होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. वेण्णा तलावाच्या आसपास डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या पहाटे दव गोठून गवतावर हिमकण दिसतात. पुतण्या म्हणाला, "काका, घर नामी आहे, पण रात्री आतून नुसती बर्फाची पेटी होते. बाजारातली सर्वांत मोठी शेगडी कोणती घेऊ, ते सांगा."

मी म्हणालो, "बाबा रे, शेगडीचा विचार शेवटी. पहिला विचार घोंगडीचा."

तो हसला. परंतु माझे उत्तर थट्टेचे नव्हते. फिरत्या घराला ऊब आणण्याचा जो इतिहास आहे, त्याचे सार त्या एका वाक्यात आहे. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडतो.

प्रथम घोंगडीच घेऊ. लोकर उष्ण असते असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. मी वर्गात मुलांना बर्फाचे दोन सारखे खडे दाखवीत असे. एक उघडा ठेवी आणि दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळी. लोकर उष्ण असती, तर गुंडाळलेला खडा आधी वितळावयास हवा. पण उघडा खडाच आधी पाणी होई. बर्फवाला लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात बर्फ जपतो, तो याच न्यायाने. लोकरीच्या तंतूंत हवा अडकून पडते. ती हलत नाही, म्हणून उष्णता आतून बाहेर किंवा बाहेरून आत सहसा जात नाही. वाऱ्यावर धावणारी हवा उष्णता लुटून नेते. कोंडून निश्चल केलेली हवा तीच उष्णता राखते. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालतात, त्यातही थरांमधली हवाच ऊब देते.

दिवाळी सरली की फलटण-लोणंदकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत कळप बसवितात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य मिळते. त्यांचा संसार घोड्याच्या पाठीवर, आणि रात्रीचे घर म्हणजे अंगावरची घोंगडी. ही घोंगडी सणगर विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. खळीने वीण घट्ट व ताठ होते, मग वारा आरपार जात नाही. लोकरीचा आणखी एक गुण असा, की आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी ओल पोटात घेऊनही ती हाताला फारशी ओली लागत नाही. आत थांबलेली हवा, बाहेर वारा अडविणारी खळ आणि ओल सोसणारा तंतू: ऊबदार भिंतीला जे तीन गुण हवेत, ते तिन्ही या काळ्या वस्त्रात एकत्र आले आहेत.

जुना बैलगाडीवालाही हे जाणून होता. घाटातल्या मुक्कामी तो गाडीत हातभर पेंढा पसरी आणि मगच त्यावर अंथरूण घाली. पांघरुणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तो अंथरुणाला देई. कारण गाडीच्या फळ्यांखालून रात्रभर वारा वाहतो आणि पाठीकडून माणूस गारठतो.

हे झाले गरिबांचे. राजेलोकांची फिरती घरे निराळी होती. औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मीरकडे गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने बादशाही डेऱ्यांचे वर्णन केले आहे. डेऱ्यांचा एक संच मुक्कामी उभा असे, तेव्हा दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्यास पेशखाना म्हणत. डेऱ्याचे बाहेरचे कापड तांबडे, आणि आतून मच्छलीपट्टणच्या फुलांच्या छिटाचे अस्तर. हे अस्तर शोभेसाठी असले, तरी दोन कापडांमध्ये हवेचा थर राहिला की त्याचा उपयोग शोभेपलीकडे जातो. पुढे इंग्रजी अमदानीत थंडीच्या दिवसांत जिल्हाभर फिरती करणाऱ्या कलेक्टरांचे तंबू दुहेरी छताचे असत, ते याच तत्त्वावर. दिवसा वरचे छत ऊन झेली, रात्री आतले छत गारवा थोपवी.

आता मराठ्यांच्या लष्कराकडे वळू. आपला 'छावणी' हा शब्द 'छावणे' म्हणजे शाकारणे, यापासून आला. पूर्वी छावणी म्हणजे मुख्यतः पावसाळ्याचा मुक्काम. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, हिवाळा-उन्हाळा मोहिमेत काढावा आणि पावसाच्या तोंडाशी परतून छावणी करावी, हा दक्षिणेतला रिवाज. दख्खनचा हिवाळा हा स्वारीचा सुखाचा काळ. म्हणून आपल्या सैनिकाची राहुटी वजनाला हलकी आणि झटपट उभारता येणारी. घराने राखावयाचे ते पावसापासून, थंडीपासून नव्हे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत असावी, असा माझा तर्क आहे.

ही समजूत पानिपतावर कसाला लागली. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, परतूडहून उत्तरेस निघाले. ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. पण तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला आणि दक्षिणेची वाट रोखली गेली. नोव्हेंबराच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे अडीच महिने, लाखो माणसांनी पानिपतावर खंदक खणून उघड्या मैदानात तंबूंत मुक्काम केला. त्यांत शिपाई होते, बाजारबुणगे होते, बायकामुले होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसदेची आशा तुटत गेली. दाणा नाही, वैरण नाही. सामग्री आणण्यास छावणीबाहेर जावे, तर शत्रूचे स्वार टपलेले. समोरची अफगाण फौज लोकर आतल्या अंगाला घेऊन मेंढीच्या कातड्याचे पोस्तीन घालणाऱ्या मुलखातली. तिला असला हिवाळा नवा नव्हता.

पानिपताचा पराभव थंडीने झाला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु अन्न हे देहाचे सरपण आहे. उपाशी माणसाच्या अंगात आच राहत नाही, आणि आच नसलेल्या देहाला पातळ कापडाचा तंबू काय राखणार? पौष शुद्ध अष्टमीच्या पहाटे जे लढावयास निघाले, ते अडीच महिन्यांच्या थंड रात्री अंगावर घेऊन निघाले होते, एवढे तरी आपण विसरू नये. इतिहास शिकविताना आम्ही मास्तर लोक तोफा मोजतो. पांघरुणे मोजावयाचे राहून जाते.

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ. कारण ज्याला आज आपण चाकांचे घर म्हणतो, त्याची घडण तिकडे झाली. मात्र ती घडविणाऱ्यांत आपले दूरचे भाईबंद आहेत. युरोपभर फिरणारे रोमा लोक मूळचे हिंदुस्थानातले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', विस्तवाला 'याग' आणि घराला 'खेर' म्हणतात. आपले पाणी, आग आणि घर हे तीन शब्द त्यांनी शेकडो वर्षे वाटेवर सांभाळले, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात ते घोड्यांच्या लाकडी गाड्यांत राहू लागले. त्या गाडीत बिडाची छोटी शेगडी असे आणि तिचे धुरांडे थेट छपराबाहेर जाई. इंग्लंडात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. कडेच्या झाडांच्या फांद्या लागू नयेत, म्हणून धुरांडे रस्त्याच्या मध्याकडे येईल, अशी शेगडीची जागा ठरलेली असे. छपराचा मधला भाग उंच करून त्याला लहान झरोके ठेवीत. म्हणजे विस्तव घरात आला, त्याच वेळी धुराला व कोंदट हवेला दाराबाहेरची वाट दाखविली गेली. ही जोडी लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

हौसेखातर असे घर प्रथम करविले ते गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराने. ब्रिस्टल येथील कारखान्यात १८८५ साली त्याची 'वाँडरर' ही गाडी तयार झाली आणि दोन घोडे जुंपून तो त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढे मोटार आली आणि घोड्यांची जागा तिने घेतली. अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीने विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमची 'क्लिपर' गाडी काढली. तिच्या बाहेरच्या व आतल्या पत्र्यांमध्ये उष्णता अडविणारा थर होता. धातूच्या पत्र्याला आतून घोंगडी पांघरली, असे आपण म्हणू.

पुतण्याची गाडी याच वंशातली. आम्ही दोघांनी ती सावकाश तपासली. भिंतीत इंच-दीड इंचाचा फोमचा थर होता; पण जेथे धातूच्या पट्ट्या बाहेरच्या पत्र्यापासून आतल्या फळीपर्यंत जातात, तेथे हात लावताच गार लागे. उष्णता अशा पुलांवरून पळते. खिडक्यांना एकेरी काच होती. तिच्या आतून बोटभर अंतर ठेवून दुसरी पारदर्शक तावदाने बसविली, म्हणजे मध्ये हवा कोंडली गेली. जमिनीवर बुचाचे ताव आणि त्यावर जाड सतरंजी घातली. मुक्कामी गाडी उभी राहिली, की चाकांभोवती जाड कापडाची झालर सोडावयाची, म्हणजे खालून वारा वाहत नाही. हा त्या बैलगाडीवाल्याच्या पेंढ्याचाच धडा. दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या. इतके झाल्यावर पुतण्यालाच उमगले, की मोठ्या शेगडीची गरज उरली नाही, लहानशी पुरे.

तो उत्साहाने म्हणाला, "काका, आता छताची जाळीही बंद करून टाकू, म्हणजे काम पक्के." तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला, आणि जी गोष्ट मी फारशी कोणास सांगत नाही, ती सांगितली.

१९८७ सालच्या डिसेंबरात मुलांची सहल घेऊन मी महाबळेश्वरास गेलो होतो. मालमोटारीवर ताडपत्री घालून तिच्यातच दहा मुले निजविली. थंडी मनस्वी होती. मी घमेल्यात कोळसे फुलविले, धूर पुरता सरू दिला, घमेले आत ठेवले आणि ताडपत्रीच्या कडा दोरीने आवळून बांधल्या. धूर नाही, म्हणजे भय नाही, अशी माझी समजूत. मध्यरात्रीनंतर एक मुलगा बाहेर जावयास उठला आणि उभा राहताच कोसळला. त्या आवाजाने मला जाग आली. माझे डोके घणाघाताने ठणकत होते आणि गाठ सोडावयास बोटे वळेनात. चाकूने दोरी कापली, एकेक मुलाला ओढून उघड्यावर आणले. दोघांना ओकाऱ्या झाल्या. पहाटेपर्यंत सारे सावध झाले. दैव बलवत्तर, एवढेच म्हणावयाचे. माझ्या शहाणपणाचा त्यात वाटा नव्हता.

त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने बिलगतो, आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे दगावल्याच्या वार्ता आपण आजही वाचतो. भिंती जितक्या चांगल्या, फटी जितक्या बंद, तितका हा धोका अधिक, हे यातले मर्म आहे.

शिवाय ओलीचा प्रश्न निराळाच. निजलेला माणूस श्वासावाटे व त्वचेवाटे रात्रीतून पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. चार माणसांचे लिटरभर झाले. त्याला बाहेर वाट नसेल, तर ते गार पत्र्यावर जमते, टिपकते आणि भिंतीच्या थरात मुरून त्याची ऊब राखण्याची शक्तीच मारते.

म्हणून रोमा लोकांच्या त्या झरोक्यांना मी मनोभावे नमस्कार करतो. आगीबरोबर वाट, हा त्यांचा नियम. आजच्या चांगल्या तापकांत ज्वलनाला लागणारी हवा बाहेरून घेतात व वायू नळीने बाहेरच सोडतात. निजण्याच्या जागेतील हवेशी त्याचा संबंध येत नाही. पुतण्याने तसाच तापक बसविला, आणि विषारी वायूची सूचना देणारी छोटी घंटाही बसविली. घरात जळणारी उघडी शेगडी मात्र मी त्याला नेऊ दिली नाही.

जाताना त्याच्या आजीच्या हातची एक जुनी घोंगडी मी गाडीत टाकली. पाचव्या दिवशी तो परत आला. म्हणाला, "काका, दोन रात्री तापक पेटवावाच लागला नाही. छतातून पाण्याचा एक थेंब गळला नाही."

मी एवढेच विचारले, "आणि खिडकी?"

"चार बोटे उघडी होती," तो म्हणाला.