व्हेरिकोज व्हेन्स: लेझरने शीर बंद केली, तर रक्त जाणार कुठून?

पायातले बहुतेक रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून हृदयाकडे परतते. त्वचेखालच्या शिरेतील झडपा निकामी झाल्या की रक्त उलटे खाली येऊन साचते. शीर फुगते, पाय जड होतो, घोट्याजवळची त्वचा काळवंडते आणि पुढे लवकर न भरणारी जखमही होऊ शकते. लेझरने हीच बिघडलेली शीर बंद करतात. रक्त खोल शिरांतून जातच राहते. म्हणूनच आधी कलर डॉपलर तपासणी करून खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे पाहतात.

सोनोग्राफीवर पाहत, साधारणतः गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक लेझर फायबर सरकवतात. शिरेभोवती भुलीचे इंजेक्शन देतात. उष्णतेने शीर आक्रसून बंद होते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात.

नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस स्टॉकिंग्ज घाला, रोज चाला, एकाच जागी फार वेळ उभे राहू नका. थोडे काळेनिळे डाग पडणे, मांडीत ओढ जाणवणे हळूहळू कमी होते. मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठा.