राब जंगल खातो का? आपल्या ठाणे जिल्ह्यातला दीडशे वर्षांचा वाद

सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, तरी असे प्रकार लिहिलेले असतात, त्यातच एक शब्द असतो, वरकस. कल्याण तालुक्यातल्या आजच्या पोरांना त्याचा अर्थ विचारा, दहातल्या आठांना सांगता येणार नाही. तरी म्हणजे पाणी धरणारी भाताची जमीन. वरकस म्हणजे तिच्या वरचा माळ, टेकाड, उतार. तिथं नाचणी-वरी व्हायची, गवत व्हायचं, आणि मुख्य म्हणजे खालच्या भाताचा राब तिथून यायचा. भात खाली, त्याचं खत वर, असा तो हिशोब होता.

देशावरच्या आणि विदर्भातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेची भाजणी. आमच्याकडं भाजावळ म्हणतात, रायगडकडं दाढ भाजणे. होळीच्या आसपासपासून मे महिन्यापर्यंत काम चालतं. जमिनीवर आधी शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर झाडाचं कवळ म्हणजे पाल्यासकट तोडलेल्या बारीक फांद्या, त्यावर गवत, पातेरा, पेंढ्याचा खराटा, आणि सगळ्यात वर बारीक माती. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, सरकत सरकत जाते. ज्वाळ दिसली की म्हातारी माणसं ओरडायची. राबाला ज्वाळ नको, धुमस पाहिजे.

यात विकत आणलेली एकही गोष्ट नाही. गुरांनी टाकलेलं शेण, झाडानं टाकलेला पाला, खळ्यावर उरलेला कचरा. आणि भाजायची ती सगळी शेती नाही. एक एकर लावणीला साधारण चार गुंठ्यांचं रोप लागतं, म्हणजे दहावा हिस्सा. पंजाबात अख्खं शेत पेटवतात त्या पंक्तीत आपल्याला बसवणारे लोक हा हिशोब करत नाहीत.

आता वाद कसा झाला ते सांगतो. १८५३ ला मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. रूळ पुढं सरकले तसं स्लीपरला लाकूड लागलं, इंजिनाला सरपण लागलं, मुंबई शहराची चूल होतीच. लाकडाला भाव आला आणि सरकारला जंगल दिसायला लागलं. १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा रेघा मारल्या गेल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्या कायद्याला विरोध केला होता, पण कायदा झालाच. आणि ज्या ऐनाचं कवळ आजा-पणज्यापासून तोडत आले, त्यावर कोयता लावला की गुन्हा, असं होऊ लागलं. ज्याच्याकडं भरपूर वरकस होती त्याचं भागलं. ज्याचं पोट दोन तुकडे भातावर आणि राब जंगलावर, तो अडकला.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. जंगल खात्याचं म्हणणं, राबापायी झाडं खुंटतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राबाशिवाय भात होत नाही. माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे खरे होते. दरवर्षी शेंड्यापर्यंत ओरबाडलेला ऐन वाढत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बुंध्यापासून झाड तोडून आगगाडीला घालणारा कवळ तोडणाऱ्याला शिकवायला निघतो, हे मला पटत नाही. शिवाय साहेबाच्या कागदात राब आणि दळी जवळजवळ एकाच माळेचे मणी. दळी म्हणजे ठाकूर-कातकऱ्यांची डोंगरउतारावरची फिरती नाचणी. ती वेगळी, राब वेगळा.

त्यानंतर १८८९ च्या शेवटाला डॉक्टर व्होल्कर नावाचा रसायनतज्ज्ञ विलायतेहून हिंदुस्थानची शेती तपासायला आला. त्याचा अहवाल १८९३ ला निघाला. इथला शेतकरी सरासरी विलायती शेतकऱ्याला कमी नाही, काही बाबतीत सरसच आहे, असं त्यानं लिहिलं. राबाचीही दखल घेतली. गंमत अशी, की याच्या वडिलांनी इंग्लंडातल्या भाजणीवर लिहून ठेवलं होतं. तिकडं गवताचा वरचा थर सोलून, वाळवून, ढीग लावून जाळत आणि राख शेतात पसरत. डेव्हन परगण्यात याची इतकी चाल, की त्या कामाला परगण्याच्याच नावावरून शब्द पडला. स्पेनच्या कॅटलोनियात वाळक्या फांद्यांचे ढीग मातीनं झाकून धुमसत ठेवायचे आणि ती भाजकी माती शेतात टाकायची. त्या ढिगांना तिकडं मुंग्यांच्या वारुळावरून नाव आहे. इथिओपियाच्या डोंगरपठारावर बार्लीसाठी माती भाजतात, तिला ‘गुई’ म्हणतात. एकमेकांचं तोंड न पाहिलेले शेतकरी एकाच युक्तीला पोचले. मग ते सगळेच अडाणी कसे?

खरं उत्तर पुण्यानं दिलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांच्याबरोबर जोशी, कानिटकर यांनी राबावर प्रयोग करून १९१२ ला तो अभ्यास छापला. तोवर सगळे म्हणायचे, राखेचं खत मिळतं म्हणून रोप जोमात येतं. त्यांना दिसलं की नुसती राख टाकून तेवढं काम होत नाही, जमीन तापते त्यात मोठा वाटा आहे. १९०९ मध्ये इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीवर हेच पाहिलं होतं. मातीतले काही जीव मरतात, मग उरलेले जिवाणू जोरात वाढतात आणि नत्र मोकळं होतं. त्यात तणाचं बी भाजून निघतं आणि माती भुसभुशीत होते, म्हणून रोप उपटताना मूळ तुटत नाही. आपल्या आज्या-आज्याला नत्र माहीत नव्हतं. रोप हिरवंगार येतं आणि खेचलं की सुटतं, एवढं माहीत होतं.

आजची गोष्ट वेगळी आहे. राब कायद्यानं बंद पाडला नाही, वरकसीनं पाडला. बिल्डर आणि गोदामवाले पहिली उचलतात ती वरकस, कारण ती उंच, पावसात बुडत नाही, भरणी लागत नाही. शिळफाटा बघा, भिवंडीची बाजू बघा. शेतकरी म्हणतो, भात तर ठेवलाय, नुसता माळ विकला. पण माळाबरोबर कवळ गेलं, गवत गेलं, चराई गेली म्हणून गुरं गेली आणि गुरांबरोबर शेण गेलं. खाली तरी उरली ती युरियाच्या भरवशावर. माळाचे पैसे घेताना हा हिशोब कुणी धरत नाही.

कवळ नाही म्हणून आता काही जण गोण्या, प्लास्टिक, फाटक्या चपला रोपाच्या जागेवर जाळतात. तो राब नव्हे, कृपा करून करू नका. तो धूर छातीत जातो आणि राख रोपात. पाला नसेल तर सरळ गादीवाफा करा, शेणखत घाला, रोप चांगलं येतं. नेरळच्या सगुणा बागेतून निघालेल्या पद्धतीत तर रोपवाटिकाच नाही, गादीवर टोकण करायची, चिखलणी नाही, लावणी नाही. लावणीला माणूस मिळत नाही तिथं ती बघण्यासारखी आहे. पण ज्याच्याकडं अजून दोन गुरं आणि थोडा माळ आहे, त्यानं राबाची लाज धरायचं कारण नाही. फक्त ऐनाचा शेंडा राखा, खालच्या फांद्या घ्या, आणि एक वर्ष घेतलं ते झाड पुढं दोन वर्षं सोडा.

कृषी सहायक आणि कॉलेजचे जे मित्र हे पान वाचतात त्यांना एक विचारणं आहे. मान-जोशी-कानिटकरांसारखी तुलना, एक वाफा राबाचा, एक शेणखताचा, एक नुसत्या राखेचा, आताच्या कर्जतच्या जातींवर कुणी अलीकडं केली असेल तर आकडे इथं टाका. आणि शेतकऱ्यांनी लिहा, तुमच्याकडं कवळ म्हणतात की टहाळ, आणि ते कुठल्या झाडाचं घेतात?