आटपाट नगर : खेळांतलें आणि इतिहासांतलें

मराठी कहाणीचा आरंभ एका नगरापासून होतो. तें आटपाट नगर कोणत्या नदीच्या कांठीं वसलें होतें, त्याला वेशी किती होत्या, तेथील घरें विटांचीं होतीं कीं मातीचीं, हें कहाणी सांगणाऱ्या आजीनें सहसा सांगितलें नाहीं आणि ऐकणाऱ्या नातवंडांनींही विचारलें नाहीं. राजा आला, राणी आली, कीं नगर आपोआप उभें राहिलें, एवढ्यावर दोन्ही पक्षांचें समाधान होत असे. आज तेंच आटपाट नगर घरोघर संगणकाच्या पडद्यावर उभें राहत आहे. फरक इतकाच कीं, तें आतां ऐकावयाचें नसून बांधावयाचें असतें. २०२४ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झालेला ‘फेबलडम’ हा व्हिडिओ गेम याचें चांगलें उदाहरण आहे. त्यांत खेळणारास परीकथेंतील एका चिमुकल्या राज्याचें धनीपण मिळतें. शेतें आंखावीं, रस्ते काढावे, घरें बांधावीं, आणि वस्ती वाढूं लागली कीं शेजारच्या राज्यांतील राजकन्येशीं अथवा राजपुत्राशीं स्नेह जोडून विवाहाचा योग आणावा, असा हा निवांत खेळ आहे. दिवसभराच्या कामानें शिणलेलीं शहरांतील माणसें रात्रीं घटकाभर असल्या राज्यांत रमतात, यांत नवल नाहीं.

नगर वसविण्याच्या खेळाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १९८४ सालीं विल राइट या अमेरिकन खेळकर्त्यानें हेलिकॉप्टरांतून शत्रूच्या बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ तयार केला. तीं बेटें आंखतां आंखतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, तीं उद्ध्वस्त करण्यापेक्षां उभारण्यांतच गोडी अधिक आहे. त्या गोडींतून १९८९ सालीं ‘सिमसिटी’ हा प्रसिद्ध खेळ निर्माण झाला. त्यांत पूर, आग, भूकंप हीं संकटें होतीं, आणि नको असल्यास तीं बंद करण्याची सोयही होती. पुढें जे निवांत खेळ निघाले, त्यांच्या कर्त्यांनीं जणूं त्या सोयीवरच आपली सारी मांडणी केली. २०२१ सालच्या ‘टाउनस्केपर’ या खेळांत तर समुद्राच्या पाण्यांतून रंगीबेरंगी घरें वर काढीत राहावें, एवढेंच काम आहे. तेथें हार नाहीं, जीत नाहीं, पैशाचा हिशेब नाहीं, आणि तें पाणी कधीं उंबऱ्याच्या आंत येत नाहीं.

परंतु बसल्या जागीं नगर वसविण्याची हौस संगणकाहून जुनी आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें १९११ सालीं, घराच्या फरशीवर लांकडी ठोकळ्यांचीं बेटें आणि शहरें मांडून मुलांबरोबर कसें खेळावें, यावर एक पुस्तकच लिहिलें. सातारा-सांगलीकडील मुलांना मात्र त्यासाठीं पुस्तकाची गरज पडली नाहीं. दिवाळी जवळ आली कीं अंगणांत दगड-विटा रचाव्या, त्यांवर गोणपाट टाकावें, चिखल लिंपावा, हळीव अथवा मोहरी पेरून हिरवळ उगवावी आणि शिखरावर छत्रपतींना सिंहासनावर बसवावें, हा नगररचनेचाच खेळ होय. कारण मुलांचा किल्ला केवळ तटबंदीवर संपत नाहीं. त्याच्या पायथ्याशीं गांव असतें, गांवांत दुकान असतें, शेत असतें, मोट हांकणारा शेतकरी असतो, आणि किल्ल्यावर तळें हें असतेंच असतें. तें बहुधा चिखलांत रोवलेल्या करवंटीचें केलेलें असतें. नुसता खड्डा करून पाणी ओतलें तर तें सकाळपर्यंत जिरून जातें, हें एका दिवाळींत कळतें, आणि पुढल्या वर्षीं करवंटी आधीं शोधून ठेवली जाते. किल्ल्याच्या खेळांतील पहिला धडा तो हा.

हाच धडा मराठी राज्याच्या एका थोर मुत्सद्द्यानेंही लिहून ठेविला आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधावयाचा तर आधीं तेथें पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें. पाणी नसेल आणि जागा तर हातची सोडवत नसेल, तर खडक फोडून टांकीं करावीं. एखादा झरा वाहतो म्हणून निश्चिंत राहूं नये, कारण लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे आटतात. असा त्यांचा उपदेश आहे. तट, बुरूज आणि दरवाजे यांच्या आधीं पाण्याचा विचार करणारा हा पुरुष अनेक वेढे जवळून पाहिलेला होता.

कहाणीलाही ही गोष्ट ठाऊक होती. आटपाट नगर आपोआप उभें राहतें हें खरें. पण शिळासप्तमीच्या कहाणींत राजा एक नवें गांव वसवितो, गांवासाठीं तळें बांधतो, आणि कांहीं केल्या त्या तळ्याला पाणी लागत नाहीं. तेव्हां जलदेवता राजाच्या सुनेचा वडील मुलगा बळी मागतात. सून माहेरीं गेली असतां राजा तो देतो आणि तळें भरतें. पुढें सुनेच्या व्रतानें मुलगा तिच्या पदरीं परत येतो, म्हणून ऐकणारीं मुलें सुखानें झोपतात. परंतु गांव वसवावयाचें तर पाण्याची किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत जो गांव वसवितो तोच देतो असें नाहीं, हें सत्य कहाणीनें लपविलेलें नाहीं. आजच्या निवांत खेळांनीं नेमकी ही किंमत वगळली आहे. ती काय असते, तें कृष्णाखोऱ्यांतील सातारा आणि सांगली या दोन नगरांच्या इतिहासांत पाहावयास मिळतें.

सातारा शहराच्या संस्थापकाचें चरित्र कोणत्याही परीकथेला शोभेल असें आहे. १६८९ सालीं संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगड पडला आणि अवघ्या सात वर्षांचे शाहू महाराज मातुःश्री येसूबाईंसह औरंगजेबाच्या कैदेंत गेले. पुढील अठरा वर्षें त्यांनीं बादशाही छावणींत, म्हणजे तंबूंच्या एका फिरत्या शहरांत काढलीं. तें शहर आज उभें राही आणि उद्यां उठून दुसरीकडे जाई. १७०७ सालीं सुटका झाल्यावर त्यांनीं साताऱ्याचा किल्ला घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजीं तेथें त्यांचा राज्याभिषेक झाला. सारें बालपण फिरत्या शहरांत घालविलेल्या या राजानें अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं स्थिर शहर वसविलें, तें शाहूनगर. सोमवारपासून रविवारपर्यंत वारांच्या पेठा, शिवाय चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठ असा त्याचा विस्तार होत गेला.

स्थळ सुरक्षित होतें, हवा उत्तम होती. पण कृष्णा आणि वेण्णा दूर सखल भागांत वाहणाऱ्या. डोंगराच्या कुशींतील शहराला नदीचें पाणी वर चढविण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. म्हणून पाणी वरून आणावें लागलें. यवतेश्वराच्या डोंगराकडून खापरी नळांनीं तें शहरांत आलें, जागोजाग तळीं व हौद झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वीस-पंचवीस किलोमीटरांवरील कासच्या पठारावर तलाव बांधून, केवळ उताराच्या बळावर वाहणाऱ्या पाटानें तें साताऱ्यापर्यंत पोंचविण्यांत आलें. ज्या कासच्या फुलांसाठीं आज दुरून लोक येतात, त्याच पठारावर साताऱ्याची तहान अवलंबून होती. राजवाड्यांचें आणि राज्यारोहणांचें वर्णन बखरींत सांपडतें. परंतु राजे गेले, १८४८ सालीं राज्यही गेलें, तरी शहर टिकलें, त्यांत या नळांचा आणि पाटांचा वांटा फार मोठा आहे.

सांगलीची गोष्ट याच्या अगदीं उलट. १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णेच्या कांठचें सांगली हें गांव त्यांनीं राजधानी म्हणून निवडलें. गणेशदुर्ग उभा राहिला, नदीकांठीं गणपतीचें देखणें मंदिर झालें, बाजार वसला. याच राजाच्या आश्रयानें १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. देव, राक्षस आणि राजकन्या यांची ती सृष्टि पाहून सांगलीकर हरखून गेले. शेजारीं कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरास जमिनीच्या पोटांत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठविली जाई, आणि वर्षानुवर्षें ती बिघडत नसे. जमिनीखालीं सोन्याच्या रंगाचें भांडार, हें परीकथेंतलें भुयार येथें व्यापाऱ्याच्या वहींत नोंदलेलें होतें. पाणी दाराशीं, माती सुपीक, बाजार भरभराटीचा. नगर वसविणाऱ्यानें आणखी काय मागावें?

पण दाराशीं असलेली नदी नेहमींच दाराबाहेर राहील, असा करार तिनें कोणाशींही केलेला नाहीं. महाबळेश्वरावर उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला घेऊन खालीं येते, आणि सांगलीच्या पुढें लगेच वारणा तिला मिळते. साताऱ्याच्या डोंगरांत पडलेला पाऊस अशा रीतीनें सांगलीच्या पेठांत हिशेब मागावयास येतो. २००५ सालच्या पुरांत हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलें आणि पिढ्यान् पिढ्या निर्धोक मानलेलें तें भांडार नासलें. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी असतां कृष्णा सुमारें ५७ फुटांपर्यंत चढली. पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून सुटकेसाठीं निघालेल्यांची बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. २०२१ मध्यें पाणी पुन्हां आलें. नदीच्या पात्रालगत, पुराच्या रेषेच्या आंत जीं घरें उठलीं, तीं बांधणाऱ्यांपैकीं कित्येकांना तेथें राहावयाचें नव्हतें. ज्यांना राहावयाचें होतें, त्यांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती. शिळासप्तमीच्या कहाणीचें कठोर सत्य तें हेंच.

पाणी जमलें तरी माणसें जमावीं लागतात, हेंही पडद्यावरील खेळांत सहज विसरलें जातें. तेथें घर बांधलें कीं रहिवासी हंसतमुखानें चालत येतो. खऱ्या जगांत तो का येतो, हें किर्लोस्करवाडी सांगेल. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत कुंडलजवळचें माळरान देऊं केलें, आणि १९१० सालीं तेथें कारखाना निघाला. माळावर सावली नव्हती, बाजार नव्हता, शाळा नव्हती. अशा ठिकाणीं कामगारांनीं बायकामुलांसह बिऱ्हाड थाटलें तें लक्ष्मणरावांवरील विश्वासानें. आणि तो विश्वास राखण्यासाठीं कारखान्याबरोबर घरें, शाळा, झाडें हींही वाढवावीं लागलीं. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या वाडीनें पुढें पाण्याचे पंप केले, आणि साताऱ्याला जी सोय शाहू महाराजांच्या काळीं नव्हती, ती पाणी वर चढविण्याची सोय गांवोगांव झाली.

म्हणून नगर वसविण्याचा खेळ मुलांच्या हातून काढून घ्यावा काय? मुळींच नाहीं. संहारापेक्षां उभारणींत गोडी आहे, हें ज्याला खेळांत कळलें, त्याचें मन चांगल्या मार्गाला लागलें असें समजावें. निवांतपणाही वाईट नाहीं. शिणलेल्या माणसाला घटकाभर पूर नसलेलें नगर मिळालें तर तें त्यानें अवश्य भोगावें. मात्र त्या नगरांतील विहिरीला पाणी कोठून येतें, नदी फुगली तर पहिलें घर कोणाचें बुडेल, आणि तेथें राहावयास आलेलीं माणसें कशाच्या भरंवशावर आलीं, हे तीन प्रश्न घरांतील वडील माणसांनीं मुलांच्या कानांवर जरूर घालावे. किल्ल्याच्या चिखलांत करवंटी रोवणाऱ्या मुलाला पहिल्या प्रश्नाचें उत्तर थोडेंबहुत येतें. उद्यांच्या सांगलीची आणि साताऱ्याची आंखणी ज्यांच्या हातीं जावयाची आहे, तीं आज कोठें तरी अंगणांत किंवा पडद्यासमोर खेळत बसलेलीं असतील. बाकीच्या दोन प्रश्नांचीं उत्तरेंही त्यांना वेळेवर यावींत, कारण त्यांनीं बांधलेल्या नगरांत राहावयाचें आहे तें दुसऱ्यांना.