पाणी आणि वीज एकाच मेजावर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील १९४२ ते १९४६ ही चार वर्षे वाचक सहसा भराभर उलटून टाकतो. महाड मागे पडलेले असते, राज्यघटना पुढे यायची असते. मधल्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, एवढे सांगून बहुतेक चरित्रकारही पुढे सरकतात. कामगार चळवळीतल्या माणसाला मात्र ही वर्षे विसरता येत नाहीत. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्या खात्याने आणलेल्या दुरुस्तीमुळे. पण या खात्याकडे आणखी दोन विषय होते आणि त्यांची आठवण कामगारांच्या सभांतूनही क्वचितच निघते. ते विषय म्हणजे पाटबंधारे आणि वीज.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी येऊन गेले होते. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, जुलै १९४२ मध्ये, त्यांनी हे खाते हाती घेतले. महायुद्ध ऐन भरात होते. अशा वेळी सरकारने पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार करावा अशी अपेक्षा कोणी केली नसती. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेसंबंधी नेमलेल्या धोरण समितीपुढे मात्र त्यांनी मुळातले प्रश्न मांडले : वीज खाजगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या? केंद्राच्या की प्रांतांच्या? ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल? देशाचे दारिद्र्य हटवायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त वीज हवी, हे त्यांचे सरळ गणित होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीला महापूर आला. रेल्वेमार्ग खचला आणि कलकत्त्याचा देशाशी असलेला संबंध तुटला. पूर ओसरला की सरकारची चिंताही ओसरते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्या वेळी तसे झाले नाही. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल व बिहारच्या प्रतिनिधींपुढे बाबासाहेबांनी भूमिका मांडली, की धरण केवळ पूर अडवण्यासाठी बांधू नये. त्याच पाण्यातून शेती भिजावी, वीज व्हावी आणि नौकाही चालाव्यात. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यात असा प्रयोग चालू होता, तो त्यांच्यापुढे होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौवहन आयोग स्थापन झाला. दोन्ही संस्था एकाच खात्याखाली होत्या. पाण्याचे कागद आणि विजेचे कागद एकाच मेजावर येत. या गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो.

पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे १९५३ ते १९५९ या काळात पुरी झाली. मूळ आराखड्यातली उरलेली धरणे मात्र बाजूला पडली. योजना अर्धी राहिली आणि खालच्या खोऱ्याने १९७८ साली पुन्हा मोठा पूर पाहिला. दिल्लीतही घडी बदलत गेली. १९५१ साली पाणी आणि वीज यांचा एक संयुक्त आयोग झाला होता. १९७४ मध्ये त्याची वाटणी होऊन पाणी एकीकडे आणि वीज दुसरीकडे गेली. सोय म्हणून ते ठीकच असेल.

आता आपल्या मुलखात, परळीला येऊ. वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राला जितकी गरज कोळशाची, तितकीच पाण्याची. परळीचा पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१ साली चालू झाला आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. म्हणजे इशारा मिळाला नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही. तरी १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, आणि २००७ नंतर २५० मेगावॉटचे दोन. त्याच काळात गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांत ऊस वाढला, साखर कारखाने वाढले, शहरे वाढली. कारखान्याला परवाना देणारे खाते एक, धरण बांधणारे दुसरे, वीज काढणारे तिसरे. प्रत्येकाने आपापल्या वहीत तेच पाणी जमेला धरले. फेब्रुवारी २०१३ मध्ये खडका बंधारा आटला आणि ११३० मेगावॉटचे सारे केंद्र पाण्यावाचून थांबले. २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. अशा वेळी कायम नोकरीतल्या माणसाचा पगार चालू राहतो. कंत्राटी मजुराची हजेरी त्याच दिवशी बंद होते. दिल्लीतल्या वाटणीमुळेच परळीचे संच थांबले असे मी म्हणणार नाही, पण एका मेजावरचा तो विचार मागे पडला होता एवढे खरे.

२०१५ च्या १ जानेवारीला योजना आयोगाच्या जागी नीती आयोग आला. जुना आयोग काही निर्दोष नव्हता, परळी त्याच्याच काळातली! पुढच्या एप्रिलात, म्हणजे २०१६ साली, मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीला दहा डबे होते.

आपल्या जिल्ह्यातल्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही, ही बालाघाटावर लहान गोष्ट नव्हे. पण यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. त्यानंतर तो सांगाडा कोण उतरवणार, पायाचे काँक्रीट कोण उपसणार, आणि जमीन पेरणीजोगी करून कोण देणार? ज्यांनी जमिनी भाड्याने दिल्या आहेत त्यांनी यात्रेची गडबड आटोपली की करारनामा काढून ते कलम वाचावे. नसेल तर चार शेतकऱ्यांनी मिळून, शेत एकाचे असले तरी, कंपनीकडे ते लेखी मागावे.