फझ : बिघाडातून आलेला सूर

गिटारच्या ‘फझ’ आवाजाचा जन्मच बिघाडातला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’चं ध्वनिमुद्रण नॅशव्हिलला चालू असताना कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारमधून फाटका, घोगरा सूर निघाला. तो तसाच ठेवला. ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट जुळवलं. १९६२ मध्ये गिब्सनने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणलं. खरी मागणी मात्र १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर.

दहावीत आम्ही बनवलेली पेटी सकाळी मस्त गुरगुरायची, दुपारी मुकी. आत एसी १२८ हे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर. विज्ञानाच्या सरांनी काहीही बदलू दिलं नाही. वायरीला कपॅसिटर जोडून, ती रेडिओच्या अॅम्प्लिफायरला लावून त्यांनी सिग्नल टप्प्याटप्प्याने ऐकायला लावला. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर सूर शाबूत, कलेक्टरवर गायब! सरांनी कोपऱ्यावरून पेप्सीकोला आणवली (प्यायला नव्हे) आणि तिची गार नळी ट्रान्झिस्टरला टेकवली. पेटी बोलू लागली. जर्मेनियममधली विजेची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, हे तेव्हा कळलं.

शेवटी सिलिकॉनचे बीसी १०८ बसवले, त्यासाठी बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे जोडले. आवाज जरा कर्कश झाला. मला सकाळचा जर्मेनियमचाच आवडायचा; पण आपला निरोप समारंभ भर दुपारी, पत्र्याच्या शेडखाली होता.